फेअरी क्वीन आणि राजारामपुरीतले फायरमन काका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. राजारामपुरीतले एक काका आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आले. वय ८२. परीख पुलाखाली पाणी साचलेलं, त्यामुळे वळसा घालून आलेले, अर्धे भिजलेले. तक्रार काहीच नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी फिटनेसचा कागद हवा होता, एवढंच. रक्तदाब पाहिला तर १९०/११०. दहा मिनिटं शांत बसवलं, दुसऱ्या हातावर घेतला. १८६/१०८.

"काका, गोळ्या चालू आहेत का?"

"होत्या. मीच बंद केल्या. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, जिना चढतोय. मग कशाला खायच्या ओ?"

हे उत्तर मी दिवसातून तीन-चारदा ऐकतो, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. नवल पुढच्या वाक्याचं वाटलं. माझ्या टेबलावरच्या काट्याच्या यंत्राकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आमच्या इंजिनावर असाच काटा होता. त्याच्यावरची नजर काढली की मिस्त्री शिव्या घालायचा."

काका मिरजेच्या शेडमध्ये साठच्या दशकात क्लीनर म्हणून लागले आणि पुढे फायरमन झाले. मीटरगेजवरच्या वायपी आणि वायजी या इंजिनांत त्यांनी कोळसा टाकला. ऐकायला थोडं कमी येतं, त्यामुळे ते मोठ्यानं बोलतात, आणि ओपीडीतली सगळी रांग त्यांचं ऐकत होती. मग त्यांनी पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये जपलेलं एक कात्रण काढलं. १९९७ सालचं. फोटोत एक छोटंसं, उंच धुराड्याचं, मधे भलंमोठं चाक असलेलं इंजिन. फेअरी क्वीन. "हे आमच्या आज्ज्याच्याही आधीचं," काका म्हणाले, "आणि अजून चालतंय."

त्या कात्रणामुळे मी नंतर बरंच वाचत बसलो. आरोग्याच्या सदरात रेल्वे इंजिन कशाला, असं वाचकांना वाटेल. थोडा धीर धरावा, ही विनंती.

फेअरी क्वीनचा जन्म १८५५ चा, इंग्लंडमधल्या लीड्स शहरात, किटसन, थॉम्पसन अँड ह्युइटसन यांच्या कारखान्यात. जहाजातून ती त्याच वर्षी कलकत्त्याला उतरली. ईस्ट इंडियन रेल्वेनं तिला २२ हा क्रमांक दिला. नाव नव्हतं, ते १८९५ मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिशीत मिळालं. वजन २६ टन, ताकद सुमारे १३० अश्वशक्ती, वेग ताशी ४० किलोमीटर, पोटाखाली ३,००० लिटर पाण्याची टाकी. पुढे दोन लहान चाकं, मागे दोन लहान चाकं आणि मधे गाडी ओढणारी दोनच मोठी चाकं, जवळजवळ सहा फूट व्यासाची, माणसाच्या उंचीएवढी. जड मालगाडी ओढायचं तिचं काम नव्हतं. हावडा ते राणीगंज या मार्गावर ती हलक्या टपालगाड्या ओढत असे. १८५७ च्या उठावात इंग्रजांनी तिच्याकडून सैन्यही वाहून घेतलं. पुढे मोठी इंजिनं आली आणि तिची रवानगी बिहारमध्ये नवे रूळ टाकण्याच्या कामावर झाली. १९०९ साली ती निवृत्त झाली.

त्यानंतरचा तिचा प्रवास आपल्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्यांसारखा आहे. ३४ वर्षं ती हावडा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभी होती; येणारे-जाणारे बघत आणि पुढे जात. १९४३ मध्ये तिला उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत हलवलं, शिकाऊ मुलांना दाखवायला. १९७२ मध्ये सरकारनं तिला वारशाचा दर्जा दिला आणि १९७७ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय झालं तेव्हा ती तिथं मानाच्या जागी बसली. बहुतेक जुन्या यंत्रांची गोष्ट इथं संपते. हिची संपली नाही. चेन्नईजवळच्या पेरांबूर कारखान्यात तिची दुरुस्ती झाली आणि १८ ऑक्टोबर १९९७ रोजी, म्हणजे ८८ वर्षांनी, ती स्वतःच्या वाफेवर दिल्लीहून अलवरला गेली. पुढच्याच वर्षी जगातलं सर्वांत जुनं नियमित धावणारं वाफेचं इंजिन म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. २०११ साली चोरट्यांनी तिचे सुटे भाग पळवले. पुन्हा पेरांबूर, पुन्हा दुरुस्ती, आणि २०१७ मध्ये पुन्हा दिल्ली ते रेवाडी. त्याच कारखान्यात, त्याच वर्षी बनलेली तिची बहीण, २१ क्रमांकाची 'एक्सप्रेस', जमालपूरच्या कारखान्यात शंभराहून अधिक वर्षं शोभेची वस्तू म्हणून उभी होती. तिलाही २०१० मध्ये पेरांबूरनं चालतं केलं.

आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही, हे सांगताना वाईट वाटतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी गेली, ती ओढणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांपैकी आज एकही नाही. कोल्हापूरची गोष्टही थोडी तशीच. ३ मे १८८८ रोजी तरुण शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर-मिरज रेल्वेची पहिली कुदळ पडली. संस्थानानं आपल्या पैशानं बांधलेली ही सुमारे ४८ किलोमीटरची मीटरगेज लाईन १८९१ मध्ये सुरू झाली. सदर्न मराठा रेल्वेनं ती चालवली. मीटरगेजचं एकोणिसाव्या शतकातलं इंजिन आज बघायचं तर दिल्लीच्या संग्रहालयात जावं. तिथं १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात बनलेलं एफ-७३४ हे इंजिन आहे. पूर्णपणे भारतात बांधलेलं ते पहिलं इंजिन, वजन साडेअडतीस टन.

आता मूळ मुद्द्याकडे. ८८ वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला पुन्हा वाफेवर आणायचं, म्हणजे नुसतं तेलपाणी करून रंग द्यायचा नसतो. चाकं आणि दांडे यांचं काय ते डोळ्यांना दिसतं. बॉयलरचं दिसत नाही. बाहेरून चकचकीत असलेला पत्रा आतून गंजून कागदासारखा झालेला असू शकतो, आणि थंड असताना तो काहीच बोलत नाही. म्हणून जुन्या बॉयलरच्या पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजतात. ही सोनोग्राफीच आहे, पोटाऐवजी लोखंडाची. मग बॉयलर थंड पाण्यानं काठोकाठ भरून, रोजच्या कामापेक्षा जास्त दाब देऊन तपासतात. वाफ न वापरता थंड पाणी का? कारण दाबाखालचं पाणी फारसं आक्रसत नाही, त्यामुळे कुठं चीर असली तर थेंब गळतो, स्फोट होत नाही. गरम बॉयलर फुटला तर गोष्ट वेगळी. आतलं पाणी दोनशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं, केवळ दाबामुळे पाणीच राहिलेलं. दाब सुटला की त्यातलं बरंचसं क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत सुमारे १,६०० पट जागा मागते. आपल्याकडे गळीत हंगामाआधी साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. नारळ फुटतो, फोटो छापून येतो. पण कारखान्याचा बॉयलर तपासणीच्या दाखल्याशिवाय पेटवता येत नाही, आणि तो दाखला वर्षावर्षाला नवा घ्यावा लागतो. बॉयलर उत्तम चालत असला तरी.

काकांना मी हेच विचारलं. "इंजिन चांगलं चालत असताना तुम्ही काट्याकडे का बघायचा?"

"चालतंय म्हणूनच बघायचं की," ते म्हणाले. "बंद पडलेल्या इंजिनाचा काटा कोण बघतो?"

दाब मोजायची कला माणसांच्या दवाखान्यात आणि इंजिनांच्या शेडमध्ये जवळजवळ हातात हात घालून वाढली. आमच्या अभ्यासक्रमात हे कुणी सांगत नाही. १७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्यानं घोडीच्या धमनीत नळी बसवून, तिला उभी काचेची नळी जोडल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. रक्त आठ फुटांहून वर चढलं. इतकी उंच नळी घेऊन कुठं फिरणार? १८२८ मध्ये पॅरिसच्या प्वाझय यानं रक्ताऐवजी पाऱ्याची वाकडी नळी वापरली. पारा साडेतेरा पट जड, त्यामुळे नळी टेबलावर मावली. आजही आपण रक्तदाब 'मिलिमीटर पारा' या एककात सांगतो तो तिथून. १८४७ मध्ये जर्मनीत कार्ल लुडविगनं त्या पाऱ्यावर तरंगती काडी ठेवली आणि फिरत्या नळकांड्यावर दाबाची रेघ उमटवली. वाफेच्या यंत्रात दाबाचा आलेख आपोआप काढणारं उपकरण तर त्याच्या पन्नास वर्षं आधी जेम्स वॅटच्या कारखान्यात तयार झालं होतं.

आणि काकांचा काटा? तो युजेन बूर्दों या फ्रेंच कारागिराचा, १८४९ सालचा. वाफेच्या यंत्रासाठी वळवलेली एक नळी कामात चपटी झाली. ती पूर्ववत करायला बूर्दोंनं आत दाब दिला, तर नळीचं वेटोळं सुटू लागलं. या सुटण्याला काटा जोडला की झालं दाबमापक. पारा नको, काच नको, धडधडत्या इंजिनावरही चालतं. माझ्या टेबलावरच्या बीपीच्या काट्यात नळीऐवजी पन्हाळीदार पत्र्याची छोटी डबी असते, पण आमच्या वॉर्डातल्या ऑक्सिजन सिलिंडरवर आणि शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हवर आजही बूर्दोंचीच नळी असते.

ऑटोक्लेव्हचा विषय निघाला म्हणून एक सांगून टाकतो. बंद भांड्यात वाफ कोंडून उकळबिंदू वाढवायची युक्ती, आणि भांडं फुटू नये म्हणून वजनाची सुरक्षा झडप, या दोन्ही गोष्टी १६७९ च्या सुमारास दनी पापँ यानं केल्या. तो पेशानं डॉक्टर होता. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी म्हणजे एका डॉक्टरची देणगी आहे. आमच्या जमातीनं एवढं तरी चांगलं केलं.

काकांना मी मग हिशोब करून दाखवला. वायपी इंजिनाचा दाब दोनशे पौंडांच्या वर. कुकरचा साधारण पंधरा. माणसाचा १२० मिलिमीटर म्हणजे त्याच मापात सव्वादोन पौंडांच्या थोडं वर. काका हसले. "दोन पौंड? त्यात काय होतंय?" त्यांचा १९० म्हणजे साडेतीन पौंडांच्या थोडा वर. पण हे इंजिन कधी शेडमध्ये उभं राहत नाही, दिवसाला सुमारे एक लाख ठोके, आणि नळ्या पोलादाच्या नाहीत. मेंदूत खोलवर जाणाऱ्या काही धमन्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात आणि जाड धमनीतून थेट फुटलेल्या असल्यानं त्यांना दाबाचा मार पुरता बसतो. पक्षाघातात बऱ्याचदा त्याच फुटतात किंवा बुजतात. लोक म्हणतात, नळीत गाळ साचला. बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा थर बसतो तसं चित्र डोळ्यांपुढे येतं, पण ते तितकंसं खरं नाही. चरबीचा थर धमनीच्या भिंतीच्या आत वाढतो आणि भिंतच आजारी पडते. उच्च रक्तदाब त्या भिंतीला वर्षानुवर्षं ठोकत राहतो. त्यामुळे फारशी अरुंद नसलेली धमनीसुद्धा एके दिवशी आतून फाटते आणि तिथं गुठळी धरते.

पण मग त्रास का होत नाही? काकांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर मला इंजिनाच्या इतिहासात सापडलं.

सुरुवातीच्या इंजिनांच्या सुरक्षा झडपेवर वजन किंवा स्प्रिंग असे. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की झडप उघडायची आणि वाफ फुसफुसत बाहेर. चढावर ताकद कमी पडली की काही चालक काय करत, तर झडपेवर जादा वजन टांगत किंवा ती बांधून टाकत. आवाज बंद, गाडी जोरात. पुढं बॉयलर फुटला की चौकशी. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यानं चालकाला छेडछाड करता येणार नाही अशी झडप काढली ती १८५५-५६ च्या सुमारास, फेअरी क्वीन जन्मली त्याच काळात.

आपल्या शरीरातही दाब जाणणारी यंत्रणा आहे. मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्यावर आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की भिंत ताणली जाते, ही टोकं मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाचा वेग आणि नळ्यांचा ताण कमी करतो. तुम्ही अंथरुणातून उठता तेव्हा चक्कर येत नाही ती यांच्यामुळे. पण दाब दीर्घकाळ वाढलेलाच राहिला, तर ही टोकं आपलं माप बदलतात. १९० लाच ती 'ठीक आहे' म्हणू लागतात. म्हणजे झडपेवर कुणी जादा वजन टांगलं, आणि ते टांगणारं शरीर स्वतःच! म्हणून डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, जिना चढवतो. उलट गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही दिवस गळून गेल्यासारखं वाटतं, कारण बदललेल्या मापाला १४० कमी वाटतो. रुग्णाचा निष्कर्ष ठरलेला: "गोळीनं त्रास होतोय, बिनगोळीचा बरा होतो."

इंजिनात झडपेपलीकडे आणखी एक सोय असते. भट्टीच्या छतावर नेहमी पाणी असावं लागतं. ते उतरलं तर छत तापून मऊ पडतं आणि दाबानं आत कोसळतं. म्हणून छतात शिशाची गुडदी बसवतात, लेड प्लग. पाणी उतरलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत शिरते आणि विस्तवाला दाबते. रिचर्ड ट्रेव्हिथिकनं ही युक्ती काढली ती १८०३ मध्ये ग्रिनिचला त्याचा बॉयलर फुटून चार माणसं गेल्यावर. "लेड प्लग गेला म्हणजे फायरमनची नोकरी गेली," काका म्हणाले. माणसाला लेड प्लग नाही. एखाद्याला मिनिटभर तोंड वाकडं होऊन किंवा हात लुळा पडून पुन्हा नीट होतो, तेवढाच काय तो इशारा. बहुतेकांना तोही मिळत नाही. मिळाला तर तो 'गेलं, बरं वाटलं' म्हणून सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

जाता जाता काकांच्या कानांबद्दल. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरनं बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. एकाचंही ऐकणं पूर्ण शाबूत नव्हतं. सततच्या मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी जातात त्या उंच पट्टीच्या. म्हणून नातीचं बोलणं कळत नाही आणि मिस्त्रीचं कळतं. बॉयलरभोवती उष्णता राखायला पूर्वी ॲस्बेस्टॉसचं वेष्टण असे. त्याचे तंतू श्वासातून गेले तर छातीच्या आवरणाचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही होऊ शकतो. काकांचा एक्स-रे काढला. स्वच्छ होता, सुदैवानं.

ऑपरेशन पुढे ढकललं. गोळी लहान मात्रेत सुरू केली. काकांची घाई उलट्या बाजूनं सुरू झाली: पटकन खाली आणा, म्हणजे डोळा करून टाकू. त्यांना मी विचारलं, तापलेल्या बॉयलरमध्ये एकदम गार पाणी भरता का? त्यांनी मान हलवली. पत्रे आकसतात, सांधे गळतात. या वयात दाब एकदम उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडतं. तीन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं १४० च्या आसपास आणायचा, उभं राहून आणि बसून दोन्ही वेळा मोजायचा, मीठ, लोणचं, पापड कमी करायचं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल त्यांनी विचारलं. महिन्यातून एकदा, वाटीभर, असा तह झाला.

महिन्यानं ते आले तेव्हा हातात शाळेची वही होती. रेघा मारून रकाने केलेले: तारीख, वेळ, प्रेशर, गोळी. शेवटचा रकाना 'शेरा'. सुनेनं घरात घ्यायचं यंत्र आणलं होतं. सकाळी सात आणि रात्री आठ, एकही खाडा नाही. शेऱ्यात एका दिवशी लिहिलं होतं, 'लग्नाला गेलो, १६२.' शेवटच्या आठवड्यात आकडे १३८, १४२, १३६ असे होते. मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

उठताना त्यांनी पुन्हा ते कात्रण काढलं. डोळा झाल्यावर नातवाबरोबर दिल्लीला जायचं म्हणत होते, तिथून रेवाडीला. फेअरी क्वीन बघायला.

"चालू असली तर बरं," ते म्हणाले. "लेड प्लग कधी बदलला, विचारून येतो."